न पिणाऱ्यांच्या घरातलं लिव्हर

रविवारी दुपारी वारज्याहून, बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अहो, आपल्या वडिलांकडे फर्निचर हलवतायत की माणसं, तेवढं जरा बघून घ्या. मघापासून आमच्या डोक्यावर धपाधप पडतंय." मी काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला. पुण्यात शेजाऱ्याने एवढी चौकशी केली म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये बाबा आणि माझा धाकटा भाऊ राहतात. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. बाबा हॉलमध्ये जमिनीवर बसले होते, हातात कमरेचा पट्टा, तोंडातून रक्त ओघळून सदऱ्यावर आलेलं. पुढचे दात नव्हते. एक दात टीपॉयखाली पडलेला मला दिसला. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बनियन फाटून खांद्यावरून लोंबत होतं आणि त्याच्या मुठीत खलातला लोखंडी बत्ता होता.

"ताई," तो जड जिभेने म्हणाला, "स्वारगेटची गाडी सुटली का?"

मी म्हटलं, "कुठली गाडी? तो बत्ता खाली ठेव आधी."

त्याने बत्ता टाकला आणि माझा गळा धरला. माझं डोकं फ्रीजवर आपटलं, वरचा डबा खाली आला, घरभर डाळ झाली. हा मुलगा हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसून नोकरी करतो. झुरळ मारायलाही मला बोलवायचा. त्याचे अंगठे माझ्या नरड्यात रुतत होते आणि बाबा मागून उठून त्याच्या पाठीवर सपासप पट्टा ओढत होते. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढून बाबा छापील मराठी बोलायला शिकलेत, पण रागात त्यांचं विदर्भातलं गाव बाहेर येतं. "पिऊन आला काय बे? कोनाच्या घरात पिऊन आला? माह्या घरात?"

भावाचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. त्याच्या डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं. तोंडाला वास येत होता, गोडसर, कुबट, बंद डब्यात नासलेल्या फळाचा. तो वास मला ओळखीचा होता आणि तो दारूचा नव्हता. जीव गुदमरत असतानाही माझ्यातली डॉक्टर जागी झाली, याचा मला आजही राग येतो. साधी बहीण असते तर निदान ओरडले तरी असते. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याची पकड सुटली आणि तो भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरला.

"हात पुढे कर," मी म्हटलं. त्याने केले. ट्रॅफिक पोलीस गाड्या अडवतो तसे पंजे वर धरले की ते आपोआप फडफडत खाली पडायचे.

"बाबा, हा प्यायलेला नाहीये."

"वास येतोय त्याच्या तोंडाला. मला शिकवू नको."

"तो वास दारूचा नाही. याचं लिव्हर गेलंय. लिव्हर."

बाबांनी पट्टा टाकला आणि रक्ताळलेला हात माझ्या तोंडावर दाबला. "हळू बोल," ते म्हणाले, "खाली ऐकू जाईल."

दात पडले, डबे पडले, पोराला गुरासारखं मारलं, ते सगळं खाली ऐकू गेलं तर चालत होतं. हा एक शब्द मात्र जाता कामा नव्हता.

लिव्हर म्हटलं की दारू, हे सगळ्याच जातीधर्मांच्या लोकांना पाठ आहे. आमच्या घराला त्याचा धाक जास्त होता. बाबांचे वडील दारूने गेले, बाबा शाळेत असताना. त्यानंतर त्या मुलाने पंचशीलातलं पाचवं शील जे धरलं ते सोडलं नाही. मद्य घेणार नाही, एवढंच त्या शीलात आहे. आमच्या घरात त्याचा कायदा झाला होता. खोकल्याच्या औषधाची बाटली आधी उजेडात धरून वाचली जायची. कचेरीतून आलेला केक रमचा असेल म्हणून एकदा डब्यासकट परत गेला. बुद्धविहारात बाबांच्या शब्दाला मान होता तो यामुळेच. आणि आम्हा भावंडांवर नुसता संशय आला, कुणाच्या लग्नात वाईट संगत दिसली, घरी यायला उशीर झाला, तरी पट्टा निघायचा. पहिलं शील प्राणिमात्राला इजा न करण्याचं आहे. पाचवं राखताना पहिलं किती वेळा मोडलं, हे त्यांना विचारायची आमची छाती नव्हती.

म्हणून भावाने लपवलं. त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला कळलं कसं नाही, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. बाबांना मोतीबिंदू आहे, ऑपरेशन टाळत आलेत. त्यांना सगळं जगच पिवळट दिसतं. भाऊ महिनाभर दिवसा झोपायचा, रात्री टक्क जागा असायचा, बोलताना अडखळायचा, चपला फ्रीजमध्ये ठेवायचा. लिव्हर रक्त साफ करेनासं झालं की त्यातलं विष मेंदूत चढतं, त्याचंच हे सगळं. बाबांनी यातून एकच अर्थ काढला. भावाला लघवीचा रंग दिसत होता, डोळे दिसत होते. त्याने ऑफिसजवळच्या कुणाकडून तरी काढ्याची बाटली आणली आणि घरात कावीळ हा शब्द उच्चारला नाही. कावीळ म्हटली की पुढे लिव्हर येतं, लिव्हरच्या पुढे बाबा येतात.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं पितात?"

"तुम्ही किती वर्षं पिता?" मी विचारलं.

तो बिचारा दचकला. मी माझी ओळख सांगितली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली बघून कुठला आजार ते सांगते. तो लगेच "मॅडम, मॅडम" करायला लागला. पण त्याने भावाला कुशीवर वळवलं आणि फाटकं बनियन वर सरकवलं. लिव्हर बिघडलं की रक्त गोठत नाही. पट्ट्याचे वळ वळ राहिले नव्हते. कातडीखाली रक्त पसरत जाऊन सगळी पाठ काळीजांभळी झाली होती आणि आमच्या डोळ्यांदेखत तो काळा रंग कमरेखाली सरकत होता. डोक्यात रक्तस्राव झालाय का ते बघायला त्याला लगेच स्कॅनला नेलं.

"हे कोणी केलं? पोलिसांना कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाला.

बाबा फरशीकडे बघत होते. एका हाताने त्यांनी पॅन्ट धरून ठेवली होती. पट्टा घरी डाळीत पडला होता.

"वडिलांनी," मी म्हटलं. "लिहा."

डोक्यात रक्त नव्हतं, तेवढं नशीब. तपासणीत हिपॅटायटिस बीचा विषाणू निघाला, तोही जुना, जन्मापासून अंगात दबा धरून बसलेला. आता तो उसळला होता. भाऊ बेशुद्ध झाला आणि त्याला नळ्या लागल्या. लिव्हर बदललं नाही तर तो जाणार, हे मला मोठ्या डॉक्टरांनी सांगायच्या आधीच कळलं होतं.

पेशी मरतात कशा हे बघणं माझं रोजचं काम आहे. लिव्हरमध्ये त्या दोन तऱ्हांनी मरतात. एक मरण शहाण्यासारखं असतं. पेशीचं वय झालं, काही बिघाड झाला, की ती स्वतःच आवराआवर करते. गावाला जाताना आपण गॅस बंद करतो, नळ बघतो, तशी. आकसते, स्वतःचे छोटे तुकडे करते, शेजारच्या पेशी ते उचलून नेतात. कुणाला कळतही नाही. असं मरण चालू असतं म्हणून आपण जगतो. दुसरं मरण दंगलीतलं. पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं. त्याने आजूबाजूला आग लागते, लढणाऱ्या पेशी धावून येतात, त्या झटापटीत धडधाकट शेजारीही मरतात. पुन्हा पुन्हा तसं झालं की तिथे नुसते व्रण उरतात. सिरॉसिस म्हणतात तो हाच.

आणि यातली मेख अशी, की हा विषाणू स्वतः पेशीला फारसं मारत नाही. तो आत राहतो, खातोपितो. त्याला हुसकावायला आपल्याच शरीराच्या पेशी निघतात आणि विषाणूचा संशय आला की घरच्याच पेशीला ठार करतात. विद्यार्थ्यांना मी हे वर्षानुवर्षं शिकवलं, तासाला कधी आवाज चढला नाही. त्या दिवशी आयसीयूबाहेर बाबांकडे बघत मी ते मनात पुन्हा म्हटलं आणि माझ्या मुठी वळल्या.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. एसजीपीटी नावाची एक तपासणी असते. लिव्हरची पेशी फुटली की तिच्यातला तो पदार्थ रक्तात येतो, म्हणून हजारांत गेलेला आकडा वाईट. तो आकडा एकदम खाली आला होता. कुणीतरी बाबांना ते सांगितलं. ते कॉरिडॉरमध्ये फोनवर विहारातल्या कुणाला तरी सांगत होते, "उतार आहे. पोटाचंच होतं जरा. रिपोर्ट चांगला आलाय." आवाजात कालपासून पहिल्यांदाच जीव आला होता.

मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. "बाबा, आकडा का उतरला माहितीये? मरायला आत काही उरलंच नाही म्हणून. दंगल थांबली, कारण वस्ती संपली." त्यांना कळेना. मी कावीळ आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यांचे आकडे त्यांच्या तोंडासमोर धरले. दोन्ही वाढले होते. ते भिंतीला धरून खाली बसले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आम्हाला घेऊन बसले. भावाची सगळी माहिती लिहून घेताना त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला लिव्हरचा आजार?"

"नाही," मी म्हटलं. "आई लवकर गेली, पण तिला पोटात गाठ होती."

"होता," बाबा म्हणाले.

मी वळून बघितलं. ते टेबलाशी बोलत होते. "मिसेसला लिव्हरचा कॅन्सर होता. याच व्हायरसचा. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलांना तपासून घ्या म्हणून. तिने आयुष्यात थेंब घेतला नव्हता, साहेब."

आई गेली तेव्हा मी दहावीत होते आणि भाऊ दुसरीत. तिचं पोट फुगलेलं होतं, हात काटक्यांसारखे झाले होते. आम्हाला सांगितलं होतं, पोटात गोळा आहे. गावी, कचेरीत, विहारात, सगळीकडे तेच सांगितलं होतं. आईकडून हा विषाणू मुलाला जन्मताना मिळतो. मला मिळाला नव्हता, का ते कुणी सांगू शकत नाही. मग मेडिकलला गेल्यावर कॉलेजने सक्तीने लस टोचली. आई गेल्यावरही भाऊ तेवीस-चोवीस वर्षं तो घेऊन हिंडत होता. वेळेत कळतं तर रोज एक गोळी घेऊन तो दाबून ठेवता आला असता.

कॉरिडॉरमध्ये येताच मी बाबांची कॉलर धरली. त्यांना भिंतीवर आपटलं, परत आपटलं. सदऱ्याची बटणं तुटून फरशीवर घरंगळली. "का? का नाही सांगितलंत?" त्यांनी हात वर केला नाही, दोन्ही हातांनी पॅन्ट धरून मार खात राहिले. "लोक म्हणाले असते, घरात पीत होते," ते पुटपुटले. "माझ्या बापाचं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणाले असते, त्या घराने सुनेलाही शिकवली. मेलेल्या बाईवर डाग नको होता मला." वॉर्डातल्या मावशींनी मला मागून कवळा घालून ओढलं. "ओ मॅडम, म्हातारं मानूस हाय, मरंल की," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मरू दे." ते मी मनापासून म्हटलं होतं.

बाबा मग डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसले. माझं लिव्हर घ्या, सगळं घ्या, म्हणाले. वय झालंय, घेता येत नाही, असं सांगितल्यावर त्यांनी टेबलावर मूठ आपटली, काच तडकली. सिक्युरिटीने त्यांना बाहेर आणलं. माझा रक्तगट जुळत होता, लिव्हर चांगलं होतं. सही करताना मला कुणी विचारलं, भीती वाटते का? मी म्हटलं, वाटते. खूप वाटत होती. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला तो मी झटकला आणि आत गेले.

शुद्धीवर आले तेव्हा बरगडीखालून आडवं कुणीतरी कुऱ्हाडीने तोडल्यासारखं दुखत होतं. खोकला आला तर जीव जाईल असं वाटायचं. माझं अर्ध्याहून जास्त लिव्हर भावाच्या पोटात होतं आणि ते कामाला लागून पित्त करत होतं. नर्सने हे सांगितलं तेव्हा मी रडले, तेव्हाही टाके ओढले गेले.

चालता यायला लागल्यावर मी हट्टाने तिथल्या लॅबमध्ये गेले. भावाचं काढलेलं लिव्हर तिथे होतं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर बघितलं नसतं, पण मला बघायचंच होतं. स्लाइडवर मैलोगणती काही नव्हतं. पेशींच्या रांगा जिथे असतात तिथे त्यांचा नुसता सांगाडा, मध्ये रक्त सांडलेलं, कडेला जुने व्रण. आणि एका कोपऱ्यात, तुरीच्या दाण्याएवढी एक गाठ. तिथल्या पेशी टवटवीत होत्या. आजूबाजूला सगळं मेलेलं असताना त्या दाटीवाटीने वाढत होत्या. वर्षानुवर्षं पेशी मरत राहिल्या, नव्या घाईघाईने होत राहिल्या, आणि त्या घाईत एकीची मरायची रीतच मोडून गेली. कॅन्सर तो हाच. आईच्या पोटात हाच होता. मला ती काच आपटून फोडावीशी वाटली. तिथली डॉक्टर म्हणाली, "मॅडम, लहान आहे, पसरलेला नाही. सगळा बाहेर आलाय. लक्ष ठेवू." मी मान हलवली आणि स्लाइड तिच्या हातात दिली.

भावाला खोलीत आणल्यावर आम्ही तिघं प्रथमच एकत्र बसलो. दुपार होती. खिडकीतून बाहेरच्या हॉर्नचा गोंगाट येत होता. त्याचे डोळे पांढरे झाले होते. त्याला त्या रविवारचं काहीही आठवत नव्हतं, त्याच्या आधीचे पंधरा दिवसही नाहीत. अंग पुसताना त्याला पाठीवरच्या खुणा कळल्या होत्या.

"ताई, माझ्या पाठीला काय झालंय? पडलो होतो का मी?"

बाबा स्टुलावर बसले होते, पॅन्टला सुतळी बांधलेली. त्या दिवसापासून त्यांनी पट्टा लावला नव्हता. बाबा हो म्हणाले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. पडलास, नळ्यांमुळे झालं, औषधांचे डाग आहेत. पोटातला गोळा जसा आम्हाला पटला होता तसं हेही त्याला पटलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मी मारलं," बाबा म्हणाले. "पट्ट्याने. मला वाटलं तू पिऊन आलास. तू प्यायला नव्हतास."

भावाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमचे दात कुठेत?"

"तू पाडलेस."

"मी?" त्याने स्वतःच्या वाळलेल्या हातांकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मग फिट्टंफाट झाली की, बाबा."

बाबाही हसले, बोळकं दिसलं. तिघांच्या घरात असं एकत्र हसणं कधी झालं होतं ते मला आठवेना. माझेही ओठ हलले होते. पण मला ते हसू नको होतं.

"आईचं सांगा त्याला," मी म्हटलं.

बाबांचं हसू गेलं. त्यांनी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, बाहेरून नर्स, नातेवाईक, चहावाला जात होते. मला वाटलं, आता ते उठून दार लावतील. ते उठले नाहीत, आवाजही खाली आणला नाही. "तुझ्या आईला लिव्हरचा कॅन्सर होता," ते म्हणाले. "तुला झाला तोच आजार. तिच्याकडून तुला आला. तुम्हाला तपासा म्हणून डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी तपासलं नाही. लोक काय म्हणतील म्हणून."

भावाने चादरीखालून हात काढून पोटावर ठेवला, जिथे आता माझं लिव्हर होतं.

"हे नाही फिटत, बाबा," तो म्हणाला.

"नाही फिटत," बाबा म्हणाले, आणि सुतळीची गाठ धरून तिथेच बसून राहिले.